बालीगावचा लोहार आणि माझे सासरे

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात आयर्लंडचा इतिहास तोंडपाठ असलेला माणूस एकच होऊन गेला आणि तो नेमका माझा सासरा निघाला. हे माझं सुदैव की दुर्दैव ते मी अजून ठरवलेलं नाही. इतिहास तरी कसला, तर साऱ्या आयर्लंडचा नव्हे. तिथल्या एका खेड्याचा. त्या खेड्यातला एक पूल, एक लोहार, एक दारूचा गुत्ता, एक गिरणी आणि एक टेकडी, एवढ्याचा. आयर्लंडची राजधानी कोणती असं विचारलं असतं तर मामाजींनी बेलाशक भुसावळ सांगितली असती. पण त्या लोहाराच्या भट्टीचं तोंड कोणत्या दिशेला होतं आणि गुत्त्यातून पूल दिसत होता की नाही, यावर ते सकाळपासून जेवणापर्यंत बोलू शकत. बोलतच. आणि ऐकायला कोणी नसलं तर मी होतेच, हक्काची.

मी नाशिकची. लग्न होऊन नांदुऱ्याला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. पहिल्याच सकाळी अंगणातून असा काही आवाज आला की मी हातातला तांब्या टाकून बाहेर धावले. मला वाटलं कोणाला तरी लागलं. पाहते तर मामाजी हातात कोळशाचं फावडं घेऊन अंगणातली माती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात टाकताहेत आणि गाताहेत. सासूबाई शांतपणे पोहे निवडत होत्या. "काई नाई व, गानं हाय थे," त्या म्हणाल्या. "आंग्रेजी हाय म्हन्तेत." मी मॅट्रिकला इंग्रजीत चांगले मार्क मिळवलेली मुलगी, कान देऊन ऐकलं. सहा कडव्यांत मला 'अँड', 'ब्रिज' आणि 'ओ' एवढेच शब्द सापडले. त्यातला 'ओ' सगळ्यांत जास्त होता. मामाजी रेल्वेत फायरमन होते, म्हणजे इंजिनात कोळसा टाकायचे. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण हात थांबायला तयार नव्हते, म्हणून ती बिचारी माती रोज इकडून तिकडे जायची आणि दुसऱ्या दिवशी तिकडून इकडे यायची.

घरात घड्याळ होतं, पण त्याला कोणी विचारत नसे. वेळ त्या गाण्यानेच मोजायची. चहा दोन कडव्यांत उकळला पाहिजे. वरणाला पूर्ण गाणं. माझ्या नवऱ्याची आंघोळ तिसऱ्या कडव्याच्या आत आटोपली नाही तर मामाजी न्हाणीचं दार वाजवून चौथं कडवं सुरू करत. मोताळ्याला सायकलवर किती वेळ लागतो असं कोणी विचारलं की म्हणत, "नऊ गाने आन् वारा सामोरून आसंन तं दहा." आणि चूल! माझ्या चुलीवर त्यांचा इंजिनाइतकाच जीव होता. मी भाकरी थापत असले की मागे येऊन उभे राहत आणि जाळाकडे अशा नजरेने बघत की माझी भाकरी हातातच फाटायची. "सूनबाई, वाफ कमी पडून राह्यली." वरून तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, कोंबायचे. "आता पाह्य, आता आली बरोबर. सर्वी गाडी वर चढते आता." माझी भाकरी करपून कोळसा व्हायची आणि हे समाधानाने म्हणायचे, "येकदम टाइमात!" एकदा मी वैतागून म्हटलं, "मामाजी, ही भाकरी आहे, नागपूर पॅसेंजर नाही." त्यांना ऐकू आलं नाही. इंजिनावर उभं राहून राहून त्यांचे दोन्ही कान गेले होते, त्यामुळे माझ्या सगळ्या चांगल्या कोट्या त्या घरात वाया गेल्या.

हे गाणं आलं कुठून, तर त्यांच्या ड्रायव्हरकडून. हा ड्रायव्हर आयर्लंडचा. केस तांबडे म्हणून सगळे त्याला लालसाहेब म्हणत. अकरा वर्षं मामाजी त्याच्या इंजिनावर होते. लालसाहेब इंग्रजाचा पगार घ्यायचा, इंग्रजाची गाडी हाकायचा आणि गाडीत बसून इंग्रजाला शिव्या घालणारं गाणं म्हणायचा. मामाजींना या माणसाचं फार अप्रूप. मलकापूर सुटलं की तो गाणं सुरू करी. एक कडवं झालं की थांबून मोडक्यातोडक्या हिंदीत त्याचा अर्थ सांगी आणि मग पुढचं. गोष्ट अशी, की त्याच्या गावात, ज्याचं नाव मला आजही उच्चारता येत नाही आणि मामाजी ज्याला सोयीसाठी 'बालीगाव' म्हणत, एक लोहार होता. इंग्रजांविरुद्ध उठाव करायचा म्हणून त्याने चोरून भाले घडवले, टेकडीपाशी पुरून ठेवले. कोणीतरी जाऊन सांगितलं. शिपाई आले, लोहाराला पुलावर धरला आणि घेऊन गेले. सांगणाऱ्याचं नाव सातव्या कडव्यात होतं. त्या नावावर गावातली पोरं अजून थुंकतात, असं लालसाहेब म्हणे. आणि इथेच घोटाळा होता. सहावं कडवं संपायला आणि नांदुऱ्याचा सिग्नल दिसायला एकच गाठ पडायची. लालसाहेब गाणं सोडून शिट्टी द्यायचा, ब्रेक लावायचा, आणि नांदुऱ्याच्या पुढे त्याला गाण्याची आठवण राहायची नाही, कारण पुढे शेगावला त्याचा जेवणाचा डबा उघडायचा. अकरा वर्षं मामाजींनी सातवं कडवं ऐकलं नाही. मी म्हटलं, "अहो, पण विचारायचं ना!" तर म्हणाले, "कसं इचारनार? सायबाचं गानं, आपलं फावडं. आन् मले वाटे, उद्या आयकू." मग देश स्वतंत्र झाला, लालसाहेब बोटीत बसून निघून गेला आणि तो उद्या काही आला नाही.

सहाच कडव्यांच्या भांडवलावर या गृहस्थांनी सगळं गाव नादी लावलं होतं. बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर माणसं जमायची. मामाजी बालीगाव समजावून सांगायचे आणि ते समजावताना समोरचं नांदुरा वापरायचे, कारण दुसरं गाव जवळ नव्हतं. ज्ञानगंगेवरचा पूल तोच पूल. बोळाच्या तोंडाशी असलेला कापसाचा जिनिंग कारखाना म्हणजे गिरणी. "आता थो लोहार इकून आला, हां. कापसाच्या बंड्या उभ्या हायेत ना, तठी." ऐकणारे मान वळवून त्या बैलगाड्यांकडे बघायचे. हमालांमध्ये दोन पक्ष पडले होते. एकांचं म्हणणं गिरणीवाल्याने चुगली केली, दुसऱ्यांचं म्हणणं गुत्तेवाल्याने. पानवाला म्हणायचा, लोहाराची बायको, कारण जगात सगळं बायकांमुळेच होतं, त्यावर सासूबाई आतून म्हणायच्या, "याची बायको माहेरी गेली, तवापासून असाच बोल्ते." मोताळ्याचा एक मिरचीवाला तर दर आठवड्याला नांदुऱ्याच्या बाजारात यायचा, मिरच्या विकायचा आणि जाताना ओट्याशी थांबून विचारायचा, "काई समजलं का हो, कोन होता थो?" जणू परवाची गोष्ट. सातासमुद्रापलीकडच्या एका मेलेल्या माणसाची चौकशी नांदुऱ्यात इतकी कसून चालली होती की खुद्द त्याच्या गावात चालली नसेल.

एक माणूस मात्र त्या ओट्यावर कधी आला नाही. आमच्या दारासमोर, बोळाच्या पलीकडे, टेलरमास्टरांचं दुकान होतं. बोळ इतका अरुंद की त्यांच्या मशीनची खडखड आमच्या ताटात ऐकू यायची. सगळ्या गल्लीचे कपडे मास्टर शिवायचे; आमचे सदरे मात्र मलकापूरला टाकायचे आणि गाडीने जाऊन आणायचे. बरं, मास्टर बसायचेही विचित्र. मशीन भिंतीकडे तोंड करून, आमच्या दाराकडे पाठ. उजेड मागून यायचा, स्वतःचीच सावली कापडावर पडायची, आणि हा माणूस स्वतःच्या सावलीत बसून काजं करायचा. मी पहिल्या महिन्यात भोळेपणाने म्हटलं, "ब्लाउज समोरच टाकते ना." मग सासूबाईंनी मला मागच्या पडवीत नेऊन सांगितलं.

मास्टर आणि मामाजी लहानपणचे जिवाभावाचे दोस्त. एका पाटीवर शिकले आणि एका दिवशी शाळा सोडली. बेचाळीस साली मास्टरांनी सिग्नलच्या पलीकडे जाऊन रेल्वेच्या तारा कापल्या. दुसऱ्याच दिवशी शिपाई सरळ दुकानात आले, कापडाच्या ठाणामागून कातर काढली आणि मास्टरांना घेऊन गेले. नऊ महिने तुरुंग. सांगितलं कोणी? गावाने फार विचार केला नाही. गोऱ्या साहेबाच्या इंजिनावर काम करणारा, तारा तुटून गाडी अडकली त्या संध्याकाळी फलाटावर त्याच्या शेजारी बसून डोकं हलवणारा एकच माणूस गावात होता. मामाजी सांगत राहिले, "अरे, थो गानं म्हनून राह्यला होता, इंग्रजाच्या इरोधात!" लोक हसले. गोरा माणूस गोऱ्याविरुद्ध गाणं म्हणतो, यावर कोण विश्वास ठेवील? मास्टर सुटून आले, हार पडले, आणि ते आमच्या दाराकडे न बघता दुकानात शिरले. तेव्हापासून मशीनचं तोंड भिंतीकडे. "वीस वर्सं झाले व," सासूबाई म्हणाल्या. "भांडलेबी नाई. भांडले असते तं बरं होतं."

तेव्हा मला कळलं, हे सातव्या कडव्याचं वेड कशाचं आहे. मी एकदा त्यांच्या कानाशी ओरडून विचारलंही, "मामाजी, त्या गावच्या फितुराचं नाव कळून आपल्याला काय मिळणार?" फावडं खाली ठेवून ते ओट्यावर बसले. "नाव नाई पाह्यजे मले," ते म्हणाले. "त्यायले समजलं कसं, थे पाह्यजे. त्यायनं काढलं ना शोधून? काई तरी रीत आसंन ना काढाची. थे समजलं तं इथंबी काढता येते." मला या वेळी हसू आलं नाही.

म्हणून मी पत्रं लिहायला बसले. लालसाहेब गेला तेव्हा त्याची ट्रंक मामाजींनी डोक्यावर घेऊन डब्यात चढवली होती आणि तिच्यावर रंगवलेल्या गावाच्या नावाची अक्षरं, वाचता येत नव्हती तरी, चित्र काढावं तशी ड्युटीच्या वहीत काढून घेतली होती. तोच पत्ता. वर काय लिहायचं यावर दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी 'सरपंच किंवा हेडमास्तर, जो हजर असेल तो' असं ठरलं. मजकूर मामाजी सांगायचे, मी इंग्रजी करायची. "लिही, आमच्याइथं पानी बरं हाय. कपाशी बरी हाय. तुमच्याइथं कसं हाय? तुमचा बाजार कोन्त्या वारी आस्ते?" मी म्हटलं, लोहाराचं विचारायचं ना? "आधी खुशाली नोको का? येकदम कोनाच्या लोहारावर कसं जावं?" मग प्रश्न. पुलाला कमानी किती? चार असणार. गुत्त्याचं दार पुलाकडे की टेकडीकडे? लोहाराला भाऊ होता का, आणि असल्यास वाटणी झाली होती का? सातवं कडवं लिहून पाठवावं, खर्च आमच्याकडे. पोस्टमास्तरांनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, "आयर्लंड कोणत्या जिल्ह्यात येतं?" मामाजी ताठ उभे राहून म्हणाले, "भुसावळपासून सरळ." पोस्टमास्तरांनी निमूट तिकिटं लावली.

दोन पत्रं गेली, उत्तर नाही. ओट्यावर लोक विचारायचे आणि मामाजी म्हणायचे, "पेरन्या चालू आसतीन त्यायच्या." तिसरं पत्र गेलं. आणि श्रावणात, एका रिकाम्या दुपारी, पोस्टमन हिरव्या तिकिटाचं पाकीट घेऊन आला. बाजाराचा दिवस नव्हता, ओट्यावर आम्ही तिघंच, मामाजी, सासूबाई आणि मी. मामाजींनी अंगात कोट घातला, टोपी घातली, मग म्हणाले, "हां, वाच आता. मोठ्यानं."

मोठ्याने म्हणजे बोळात ऐकू जाईल एवढ्याने, दुसरा उपायच नव्हता. पत्र तिथल्या शाळेच्या मास्तरांचं होतं. मी एकेक वाक्य वाचायची आणि मराठीत ओरडायची. "ते म्हणतात, तुमची पहिली दोन पत्रं आम्हाला कोणी केलेली थट्टा वाटली! तिसरं मी गुत्त्यात वाचून दाखवलं, त्यावरून दोन माणसांची मारामारी झाली!"

"पाह्य," मामाजी खूश होऊन म्हणाले, "आपल्यासारखेच लोक हायेत."

"पुलाला तीन कमानी होत्या!"

"चार!"

"मामाजी, ते तिथे राहतात."

"मंग काय झालं? लिही, पुन्हा मोजा म्हनाव."

"पूल पडून पन्नास वर्षं झाली, असं लिहिलंय!"

"तवाच म्हन्लं, मोजतीन कसे?"

पुढे सातवं कडवं होतं. त्यात गिरणीवाल्याचं नाव होतं. पण लगेच खाली मास्तरांनी लिहिलं होतं की हे नाव काही नक्की नाही. गिरणीवाल्याच्या घरात हेच कडवं गुत्तेवाल्याचं नाव घालून म्हणतात आणि गुत्तेवाल्याकडे पाद्रीबाबाच्या माळ्याचं. ज्याचं ज्याच्याशी बिनसलेलं, त्याने त्याचं नाव घालायचं. "आणि आमचे म्हातारे," मी ओरडत होते, "दार लावून घेतात आणि वेगळंच सांगतात! फितूर कोणी नव्हताच! लोहाराच्या पोटात काही राहायचं नाही! भाले झाले त्या आनंदात तो स्वतःच गुत्त्यात गेला आणि सगळ्यांना सांगून आला, किती आहेत आणि कुठे पुरलेत ते! शिपाई शेजारच्या बाकावर पीत बसले होते! पण असं गाणं कोण म्हणणार? गाण्याला कोणाचं तरी नाव लागतं, म्हणून घातलं!"

समोरची मशीन थांबली होती. केव्हा थांबली कळलं नाही. मान वर केली तर टेलरमास्टर बोळ ओलांडून आमच्या ओट्याखाली उभे, गळ्यात टेप, बोटात सुई तशीच. मामाजींकडे न बघता, माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, थे पुन्हा वाचा जरा." मी वाचलं. मास्टर ओट्यावर बसले. वीस वर्षांनी.

"म्याबी गेलतो हाटेलात," ते अगदी हळू म्हणाले. "तारा कापल्या त्या दिवशी. म्हटलं, आज भुसावळची तार बंद हाय, कोनं केली थे इचारू नका. कोनी इचारलंच नाई, म्याच सांगतलं. कातर कोठी ठेवली थेबी सांगतलं. कोपऱ्यात पोलिसाचा जमादार बसून भजे खाऊन राह्यला होता. मले वाटलं, भजे खाऊन राह्यला तं आयकत नसंन."

सासूबाईंचा पदर तोंडाला गेला.

"जेलात समजलं मले. पन भाईर आलो तं लोकायनं हार घातले. हार गळ्यात आसतानी कसं सांगू?" आणि मास्टर रडायला लागले.

आता पंचाईत बघा. वीस वर्षांनी कबुली आली आणि ज्याच्यासाठी आली त्याला ऐकूच गेली नाही. मामाजी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. "काय म्हन्ते थो? सूनबाई, मोठ्यानं सांग ना." मोठ्याने कशी सांगू? शेजारच्या दारात चार डोकी आलीच होती. शेवटी सासूबाईंनी त्यांना दंडाला धरून आत माजघरात नेलं, दार लोटलं आणि कानाला तोंड लावलं. मग असं हसू आलं की मला वाटलं छपरावरचं कौल सरकलं. हसत, खोकत, डोळे पुसत ते बाहेर आले, मास्टरांसमोर उभे राहिले.

"भजे खाऊन राह्यला होता?"

मास्टरांनी मान हलवली.

"कांद्याचे?"

"हाव."

"बैस बे मंग, काऊन उठून राह्यला? सूनबाई, चाय ठेव. दोन कडव्याचा."

आत चहा घेताना मास्टर मामाजींच्या कानाशी लागून म्हणाले, पंधरा ऑगस्टला शाळेत माझा सत्कार आहे, स्टेजवरून सगळं सांगून टाकतो. मी म्हटलं, देव पावला. मामाजींनी कप खाली ठेवला. "खबरदार! पोरीचं लगन जमून राह्यलं ना तुह्या? स्वातंत्र्यसैनिकाची पोरगी म्हनून मांगून राह्यले त्ये लोक. त्यायले काय सांगशीन, भज्याची गोष्ट?" मास्टर म्हणाले, आणि तुझ्यावरचा आळ? "मह्यं काय," मामाजी म्हणाले, "मले वीस वर्सं सवय हाय. तुले येक दिवसाचीबी नाई." मग माझ्याकडे वळले. "आन् सूनबाई, थो हाय तोवर कोनाले सांगशीन नोको. नवऱ्यालेबी नाई." मी भांडले. अहो, चांगली ओरडून भांडले, मोठ्यांसमोर बोलू नये तशी. ज्या गोष्टीसाठी हा माणूस वीस वर्षं सहा कडवी घोकत बसला, ती हातात आली आणि हा ती परत करतोय! त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. कानांचा त्यांना असा अधूनमधून फायदा होई.

बाजाराच्या दिवशी गर्दी लोटली, पत्र आल्याचं गावभर झालं होतं. मिरचीवाला मिरच्या न उतरवताच आला. मामाजींनी सगळ्यांना कमानींवरून तासभर घोळवलं आणि सातव्या कडव्याशी आल्यावर म्हणाले, "त्यायलेच माहीत नाई." लोक फार हिरमुसले. पानवाला जाता जाता म्हणाला, "आपल्या गावातलं तं माहीत हाय ना," आणि दोघे-तिघे हसले. मी आतून चिमटा फेकून मारायच्या बेतात होते.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात मास्टर हार घालून खुर्चीवर बसले. बुलढाण्याहून आलेल्या पाहुण्यांनी भाषणात हात वर करून म्हटलं, "आपल्यातल्याच एका फितुराने..." आणि सगळ्या माना सावकाश आमच्याकडे वळल्या. मास्टर ताडकन उठले. "थांबा, मले काई सांगाचं हाय!" आणि मामाजी, जे पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले होते, तेही उठले आणि त्यांनी गायला सुरुवात केली. पूर्ण आवाजात, इंजिनावरच्या. मास्टर बोलायला तोंड उघडत, मामाजी 'ओ' लांबवत. हेडमास्तर खुणा करत होते, पाहुणे घड्याळ बघत होते, शाळेच्या पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. सहा कडवी झाली, तरी थांबेनात, पुन्हा पहिल्यापासून. तोवर पाहुण्यांच्या बसची वेळ झाली. मास्टर कपाळाला हात लावून खाली बसले. लोक म्हणाले, लाज वाटली म्हणून म्हाताऱ्याने तमाशा केला.

मास्टरांच्या मुलीचं लग्न थाटात झालं. मशीनचं तोंड आमच्या दाराकडे वळलं. रोज दुपारी मास्टर ओट्यावर यायचे आणि दोघे कमानींवरून भांडायचे. मास्टरांचं म्हणणं पत्रात तीन म्हणजे तीन. मामाजी चार-पाच वर्षांनी गेले, फार न झिजता, पावसाळ्याच्या तोंडाशी. त्यांच्या तेरवीला गाव जेवायला होतं. पंगत बसली आणि मास्टर मधोमध उभे राहिले. कोणी थांबवायला आता नव्हतं. त्यांनी हॉटेल सांगितलं, कातर सांगितली, जमादार सांगितला. भजी कांद्याची होती हेही सांगितलं. हात जोडून, रडत सांगितलं की माझ्या दोस्ताने कोणाला काही सांगितलं नव्हतं, मीच माझ्या तोंडाने सांगितलं. पंगत ऐकत होती. मी वरणाचं भांडं हातात घेऊन उभी होते. वाटलं, सुटले मामाजी.

वाढायला मी पंगतीतून फिरत होते, म्हणून मला ऐकू आलं. पानवाला शेजारच्याला म्हणत होता, "मास्टर म्हंजे देवमानूस हाय बाप्पा. मेल्यावर दोस्ताचं पाप आपल्या आंगावर घेतलं." शेजारच्याने डोळे पुसले. मोताळ्याच्या मिरचीवाल्यानेही पुसले. मास्टरांचा मान त्या दिवसापासून गावात दुप्पट झाला आणि मास्टर त्या दिवसापासून खचले. येता-जाता मला म्हणत, "बाई, तुमी तं आयकलं होतं ना?" मी म्हणायची, हो मास्टर, मी ऐकलं होतं.

आता मास्टरही गेले. ते असेपर्यंत बोलायचं नाही असा शब्द होता, तो मी पाळला. आज नांदुऱ्यात कोणाला विचाराल तर अजूनही सांगतील, अमक्या बोळात एक फितूर राहायचा, वेडा होता, इंग्रजी गाणी म्हणायचा. सून काय, सासऱ्याची बाजू घेणारच, असंही म्हणतील. म्हणू देत. तरी मी लिहून ठेवते: माझ्या सासऱ्यांनी कोणाचं नाव कधी कोणाला सांगितलं नाही. मास्टरांचंही नाही, आणि मास्टरांच्या भल्यासाठी स्वतःच्या नावावरचा डागही पुसला नाही. मला त्यांची फार आठवण येते.